तिलवारा ते कसरावद : नर्मदातीरीच्या एका वृद्ध दांपत्याची सेवा

जबलपूरच्या मराठी माणसाला तिलवारा घाट ठाऊक नाही असे सहसा होत नाही. नागपूरच्या रस्त्याने निघाले की शहर मागे पडते, पूल येतो, आणि गाडीतील वडीलधारी मंडळी हात जोडून ‘नर्मदे हर’ म्हणतात. संक्रांतीच्या दिवशी येथे स्नानाची मोठी गर्दी होते. तिळाचे दान होते. घाटाच्या नावाचे नाते लोक तिळाशीच जोडतात. ज्या प्रदेशात १७८१ पासून काही काळ सागरच्या मराठ्यांचा आणि मागाहून नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्या प्रदेशातील हा घाट आपल्या अनेक घराण्यांच्या श्राद्धपक्षांचा, मुंजी-लग्नांनंतरच्या नर्मदादर्शनाचा आणि अखेरच्या अस्थिविसर्जनाचा साक्षी आहे.

परंतु तीर्थाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे एक उणीव राहून जाते. देऊळ कोणी बांधले, घाट कोणी बांधला, सभा कोणी गाजविली याची नोंद होते. त्या ठिकाणी येऊन मुक्काम करून ज्यांनी सेवा केली, त्यांची नोंद बहुधा होत नाही. वस्तुतः तीर्थ टिकते ते या दुसऱ्या वर्गामुळे. प्रस्तुत लेखात या सेवेच्या परंपरेचा तिलवाऱ्यापासून मागोवा घ्यावा, आणि तिच्यातील अलीकडच्या काळातील एका वृद्ध मराठी दांपत्याच्या कार्याचे स्मरण करावे, असा हेतू आहे. ते दांपत्य म्हणजे बाबा आमटे आणि साधनाताई आमटे.

मिशनरी हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य पाद्री उभा राहतो. तथापि एक ध्येय घेऊन घरदार सोडणे, परक्या मुलखात राहणे आणि तेथील लोकांसाठी अन्न, औषध व विद्या यांची सोय करणे हाच त्याचा गाभा मानला, तर असे सेवाव्रती या भूमीत हजार वर्षांपूर्वी होते. तिलवाऱ्याच्या पंचक्रोशीतच तेवर हे खेडे आहे. तेच कलचुरी राजांचे त्रिपुरी नगर होय. दहाव्या शतकात युवराजदेव या कलचुरी राजाने शैव आचार्यांना या डाहल देशात सन्मानाने आश्रय दिला. त्यांच्या गोलकी मठाची कीर्ती पुढे दक्षिणेत पसरली. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनींच्या गोलाकार देवालयाशी अनेक अभ्यासक या मठाचा संबंध जोडतात. आंध्रातील मलकापुरम् येथील १२६१ च्या शिलालेखात या मठाच्या परंपरेचे वर्णन आहे. नर्मदेकाठच्या या परंपरेतील आचार्य तेथे काकतीय राजांचे गुरू झाले होते, आणि त्यांना मिळालेल्या दानातून अन्नछत्र, आरोग्यशाळा व प्रसूतिशाळा यांची तरतूद झाली होती. धर्मप्रसाराबरोबर बाळंतिणीची काळजी वाहणारे हे संन्यासी आपल्या नदीच्या काठावरून गेले होते, ही गोष्ट जबलपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

भेडाघाट येथीलच ११५५ च्या शिलालेखात राणी अल्हणदेवीने शिवमंदिराबरोबर मठ, व्याख्यानशाळा आणि उद्याने उभारल्याचे व त्यांची व्यवस्था एका पाशुपत तपस्व्याकडे सोपविल्याचे सांगितले आहे. कलचुरींचे हे लेख शास्त्रशुद्ध रीतीने संपादून १९५५ साली जगापुढे मांडणारे विद्वान म्हणजे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. त्यांच्या त्या ग्रंथाचे ऋण महाकोशलातील प्रत्येक इतिहासप्रेमी माणसावर आहे.

राजवटी गेल्या, मठ ओस पडले; पण सेवेचा प्रवाह आटला नाही. तो परिक्रमेच्या रूपाने चालू राहिला. अमरकंटकापासून खंभातच्या आखातापर्यंत सुमारे १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला उजव्या हाताशी ठेवून, तिचे पात्र न ओलांडता प्रदक्षिणा करावयाची, आणि शास्त्राप्रमाणे त्यास तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस द्यावयाचे, असा हा संकल्प आहे. तिलवाऱ्याच्या पुलावरून आपण क्षणात पलीकडे जातो. परिक्रमावासी मात्र त्या पुलाकडे पाहतो आणि आपल्याच काठाने पुढे जातो. त्याच्या झोळीत शिधा घालणे, त्याला ओसरीवर जागा देणे, पायाच्या फोडांना तेल लावणे हे काठावरच्या गावांचे व्रत आहे. ज्यांच्या घरात उद्याची भाकरी निश्चित नाही अशी माणसेही हे सदावर्त चालवितात. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरी बसून देशभर अन्नछत्रे व घाट उभारले, त्या दानशीलतेची प्रेरणा या काठावरच्या लोकरीतीतही त्यांना मिळाली असेल, असे मला वाटते.

महाराष्ट्रात या सेवेला अलीकडे एक शिस्तबद्ध रूप आले आहे. शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानात सेवेकऱ्यांच्या पाळ्या असतात. खेडोपाडीची माणसे, त्यांत संसारातून मोकळी झालेली कितीतरी वयस्क मंडळी, ठरावीक दिवसांसाठी येतात. झाडलोट करतात, पंगती वाढतात, दर्शनबारीत उभ्या असलेल्या यात्रेकरूंना पाणी देतात आणि मोबदला न घेता परत जातात. याच संस्थानाची शाखा नर्मदेवर ओंकारेश्वरीही आहे. आपल्या परिचयातील एखादे निवृत्त जोडपे आठवड्याभरासाठी अशा ठिकाणी जाऊन आले की त्यांच्या बोलण्यात जो निवांतपणा आढळतो, तो पुष्कळांनी अनुभवला असेल. आयुष्यभर कचेरीत हुकूम दिलेला गृहस्थ तेथे आठ दिवस परक्यांची ताटे उचलतो, आणि त्याची पत्नी शेकडो अनोळखी माणसांसाठी भाजी निवडते. पाटीवरचे पद आणि घरातला मान दोन्ही उंबरठ्याबाहेर ठेवण्याचे हे शिक्षण आहे. परंतु आठवडा संपला की आपण घरी परततो. सेवेचा तो आठवडा वाढवून ज्यांनी उतारवयातील एक दशक केले, त्यांच्याकडे वळण्यापूर्वी तिलवाऱ्याच्या आधुनिक इतिहासातील दोन प्रसंग पाहिले पाहिजेत. कारण त्या दांपत्याचा मार्ग या प्रसंगांशी जोडलेला आहे.

पहिला प्रसंग मार्च १९३९ मधील त्रिपुरी काँग्रेसचा. तिलवाऱ्याजवळ विष्णुदत्तनगर वसविण्यात आले. हे बावन्नावे अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींच्या मिरवणुकीची कथा जुनी माणसे रंगवून सांगत. १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभि सीतारामय्यांचा पराभव करून सुभाषचंद्र बोस अध्यक्ष झाले होते. परंतु तापाने फणफणलेल्या अवस्थेत त्यांना मंडपात आणावे लागले. त्या आठवड्यात ज्या वृद्ध दांपत्याची वाट सर्वांनी पाहिली असेल, ते मात्र आले नाही. गांधीजी राजकोटच्या प्रश्नावर उपोषण करून तेथेच राहिले होते. कस्तुरबांना तर फेब्रुवारीतच त्या संस्थानाने स्थानबद्ध केले होते. पुढे १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबांनी पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासातच देह ठेवला.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी १९४८ चा. ज्या तीरावर अधिवेशनासाठी गांधीजी येऊ शकले नव्हते, तेथे त्यांच्या अस्थी आल्या आणि तिलवारा घाटी नर्मदेत विसर्जित झाल्या. येथील गांधीस्मारक त्याची खूण आहे. पुराणकाळापासून शिवाची मानलेली नदी त्या दिवसापासून या देशाच्या नव्या इतिहासाचेही तीर्थ झाली.

अस्थींचा हा धागा पुढे नदीबरोबर खाली जातो. निमाडात बडवानीजवळ नर्मदेवर राजघाट आहे. गांधीवादी कार्यकर्ते काशिनाथ त्रिवेदी यांच्या प्रयत्नाने १९६५ साली तेथे समाधी उभी राहिली. तीत गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई या तिघांच्या अस्थी एकत्र ठेवलेल्या होत्या. जे दांपत्य तिलवाऱ्यास आले नाही, ते राजघाटावर असे एकत्र नांदत होते. याच राजघाटाजवळच्या कसरावद गावी १९९० साली आमटे दांपत्य राहावयास आले.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. घरची जमीनदारी, वकिलीची सनद, आणि तरीही मन दुसरीकडेच, असा त्यांचा पिंड. साधनाताई नागपूरच्या घुले घराण्यातील. माहेरचे नाव इंदू. एका लग्नघरी सारे समारंभात गुंतले असता ही मुलगी हळूच बाजूला होऊन एका थकलेल्या वृद्ध मोलकरणीला धुणे धुण्यास मदत करीत होती. ते पाहून बाबांनी तिला मागणी घालण्याचे ठरविले, ही कथा विदर्भात घरोघरी सांगितली जाते. १८ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा विवाह झाला. पुढे वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा महारोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. तो इतिहास सर्वपरिचित असल्याने येथे विस्तार करीत नाही.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की १९९० साली हे सारे उभे होते. आनंदवनात विहिरी, शेती, शाळा, महाविद्यालय, दवाखाना होता. मुले कार्य सांभाळण्यास समर्थ होती. बाबांनी वयाची पंचाहत्तरी गाठली होती. साधनाताईंनी साठी ओलांडली होती. मणक्यांच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहावे, चालावे किंवा आडवे पडावे, एवढेच त्यांना शक्य होते. अशा वेळी कोणीही माणूस आपण लावलेल्या झाडांच्या सावलीत विसावतो. हे दोघे मात्र त्या वर्षी मार्च महिन्यात आनंदवनाचा निरोप घेऊन नर्मदेकडे निघाले.

यामागे जे कारण होते, ते समजण्यास पुन्हा जबलपूरकडेच यावे लागते. तिलवाऱ्याच्या वरच्या अंगास बरगी येथे नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरील पहिले मोठे धरण उभे राहिले. १९७० च्या दशकात आरंभलेले हे काम १९९० च्या सुमारास पुरे झाले, आणि जलाशयाला राणी अवंतीबाईंचे नाव मिळाले. त्याने आपणांस वीज दिली, शेतास पाणी दिले, शहराची तहान भागविली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्या पाण्यामुळे जबलपूर, मंडला व शिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली, हेही तितकेच खरे. रोख रकमेवर बोळवण झालेली कित्येक गोंड कुटुंबे शेतजमिनीवरून उठून आपल्याच शहरात मोलमजुरी करू लागली, रिक्षा ओढू लागली. त्यांच्या रिक्षात आपण बसलो. ते कोठून आले, हे क्वचितच विचारले.

खालच्या खोऱ्यात हाच प्रश्न अनेक पटींनी मोठा होता. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली पंडित नेहरूंनी बसविली होती. १९७९ साली नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आला. विस्थापिताला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी, असे तत्त्व त्या निवाड्यात होते. कागदावरचे तत्त्व काठावर उतरेना, तेव्हा मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरू लागले. १९८८ साली आनंदवनात मोठ्या धरणांविषयी विचारविनिमय झाला. २८ सप्टेंबर १९८९ रोजी हरसूद येथे प्रचंड मेळावा भरला. बाबा त्यात होते. भाषण करून परत जाणे त्यांना पुरेसे वाटले नाही. ज्यांचे घर बुडणार आहे, त्यांच्या शेजारी आपलेही घर असावे, असा निर्णय त्यांनी घेतला.

कसरावदच्या त्या साध्या निवासाला ‘निजबल’ असे नाव होते. समोर नर्मदा, जवळच राजघाटाची समाधी, आणि भोवती निमाडची काळी, कसदार जमीन. डिसेंबर १९९० मध्ये राजघाटाहून हजारो लोकांची पदयात्रा गुजरातकडे निघाली. ती सीमेवरील फेरकुवा येथे अडविण्यात आली. थंडीच्या त्या दिवसांत, बसता न येणारे बाबा आपल्या गाडीतील बिछान्यावरून लोकांना धीर देत राहिले, आणि साधनाताई त्यांच्या सोबत होत्या. तेथे सुमारे तीन आठवडे उपोषण चालले. पुढे जागतिक बँकेस या प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करवून घ्यावी लागली. १९९२ साली तिचा अहवाल प्रतिकूल आला, आणि १९९३ साली उरलेले कर्ज बंद झाले. बाबांनी आपले पद्मश्री व पद्मविभूषण हे किताब १९९१ साली शासनास परत केले.

या सर्व वृत्तान्तात वर्तमानपत्रांचे मथळे बाबांच्या वाट्यास आले, आणि ते योग्यच होते. पण त्या घराचे घरपण कोणी चालविले? येणाऱ्याला चहा, जेवण, अंथरूण कोणी दिले? मणक्याच्या वेदनेने तळमळणाऱ्या पतीची रात्रंदिवस सेवा, शहरातून आलेल्या कार्यकर्त्यांची देखभाल, गावच्या बायाबापड्यांची विचारपूस आणि चाळीस वर्षे वाढविलेल्या आनंदवनापासूनचा दुरावा हे सारे साधनाताईंनी पेलले. त्यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनाचे नावच त्यांच्या जीवनाचा अर्थ सांगते. यज्ञाची ज्वाला सर्वांना दिसते. जळणारी समिधा कोणी मोजीत नाही. स्वतः देवभक्त असलेल्या साधनाताईंनी कर्मकांड न मानणाऱ्या पतीबरोबर संसार केला, आणि दोघांची श्रद्धा एका ठिकाणी येऊन मिळाली. ते ठिकाण म्हणजे दुःखी माणूस.

दशकभराच्या वास्तव्यानंतर हे दांपत्य आनंदवनात परतले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली होती. बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी आणि साधनाताई ९ जुलै २०११ रोजी निवर्तल्या. १७ सप्टेंबर २०१७ रोजी सरदार सरोवराचे लोकार्पण झाले. त्यापूर्वी, त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, राजघाटाच्या समाधीतील अस्थिकलश काढून उंच जागी हलविण्यात आला होता. ज्या तीर्थाच्या सोबतीस हे दोघे राहिले, ते तीर्थच पाण्याखाली गेले.

मग या सेवेचे फलित काय, असा प्रश्न एखादा व्यवहारी वाचक विचारील. मी केंद्र शासनाच्या सेवेत आयुष्य घालविले आहे. कालवे, वीज, रस्ते यांवाचून देश चालत नाही, हे मी जाणतो, आणि कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या गावांना पाणी पोहोचले याचा मला आनंदच आहे. परंतु फायलीत ‘प्रकल्पबाधित कुटुंबे’ या शीर्षकाखाली केवळ आकडा असतो. त्या आकड्यास नाव आहे, ओसरी आहे, पिंपळाचा पार आहे आणि पितरांची जागा आहे, याचे भान कचेरीत बसलेल्या आमच्यासारख्यांना कोणीतरी करून द्यावे लागते. बरगीच्या विस्थापितांच्या बाजूने त्या काळी एवढा आवाज उठला नाही. निमाडात तो उठला, म्हणून पुनर्वसनाचा विषय संसदेपासून न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि प्रकल्पाचा खर्च मांडताना माणसांचे मोल धरण्याची भाषा रूढ झाली. धरण अडले नाही. पण विस्थापिताकडे पाहण्याची देशाची दृष्टी पूर्वीसारखी राहिली नाही. एका वृद्ध जोडप्याच्या मुक्कामाने हे सर्व केले, असे कोणी म्हणणार नाही. तथापि आनंदवनचा मान आणि सोय सोडून आलेली ही दोन पिकली पाने आपल्याबरोबर बुडण्यास तयार आहेत, या जाणिवेने काठावरच्या साध्या शेतकऱ्याला जे बळ दिले, ते कोणत्याही अहवालात मोजता येणार नाही.

गोलकी मठाचे आचार्य, शिधा वाढणारी काठावरची गृहिणी, शेगावचा सेवेकरी आणि कसरावदचे आमटे दांपत्य यांचे पंथ निराळे, काळ निराळे. सूत्र मात्र एकच दिसते. तीर्थाला जाऊन आपले पाप धुणे ही यात्रा झाली. तीर्थावर राहून दुसऱ्याचे ओझे उचलणे ही सेवा झाली. यात्रेने आपले समाधान होते. सेवेने तीर्थ जिवंत राहते.

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या काळात सभासदांतील अनेक जोडपी सेवानिवृत्त झाली. मुले पुण्या-मुंबईस, परदेशी गेली. दुपारच्या वेळा मोकळ्या झाल्या आहेत. तिलवाऱ्यावरून आजही परिक्रमावासी जातात. संक्रांतीनंतर घाटावर कचरा उरतो. बरगीच्या विस्थापितांची नातवंडे याच शहरात शिकत आहेत. वर्षातून एक आठवडा, दोघांनी मिळून, यांपैकी एखाद्या कामास द्यावा, आणि मंडळाने त्याची एक साधी वही ठेवावी. त्या वहीत देणगीदारांच्या रकमांऐवजी सेवेचे दिवस लिहिले जावेत. पन्नास वर्षांनी कोणी आपल्या मंडळाचा इतिहास लिहावयास बसला, तर त्याला अध्यक्षांच्या यादीबरोबर ही वहीही मिळावी, एवढीच नर्मदामाईच्या चरणी प्रार्थना.

नर्मदे हर !